जुळं आणि जोखीम: फीटल मेडिसिन तज्ज्ञाकडे जाण्याआधी, गेल्यावर आणि नंतर

सोनोग्राफीत दोन ठोके दिसले की घरात पहिली चर्चा होते ती "आपल्याकडे कुणाला जुळं होतं?" याची. आत्या, मावशी, पणजी सगळ्यांची उजळणी होते, कुणीतरी जुळ्या केळ्याचा विषय काढतं. या गडबडीत डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारायचा प्रश्न राहून जातो. दोन्ही बाळांची वार (प्लॅसेंटा) एकच आहे की वेगवेगळी?

पुढचे सहा महिने किती वेळा सोनोग्राफी करायची, कुणाकडे करायची, बाळंतपण कुठे आणि कितव्या आठवड्यात, हे बहुतांशी या एका उत्तरावर ठरतं. म्हणून या लेखाची सुरुवातही तिथूनच.

आधी वारेचा निकाल लावून घ्या

जुळ्यांचे डॉक्टरांच्या दृष्टीने तीन प्रकार. पहिला, दोन वारा आणि दोन पाण्याच्या पिशव्या. रिपोर्टवर याला डायकोरिऑनिक डायअम्निऑटिक किंवा नुसतं डीसीडीए म्हणतात. दुसरा, वार एक पण पिशव्या दोन, म्हणजे मोनोकोरिऑनिक डायअम्निऑटिक, एमसीडीए. तिसरा प्रकार दुर्मीळ: वारही एक आणि पिशवीही एक, एमसीएमए. पहिल्या प्रकारात जोखीम एकेरी गरोदरपणापेक्षा जास्त असते, पण चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या हाताखाली ती नीट सांभाळता येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात फीटल मेडिसिन तज्ज्ञ लागतोच, त्यात पर्याय नाही.

याचं कारण वारेतल्या रक्तवाहिन्यांत आहे. वार एकच असेल तर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. एका विहिरीवर दोन भावांच्या मोटारी बसवल्या तर पाण्याचा हिशोब कधी बरोबर राहतो, कधी एकाचं शेत वाळतं आणि दुसऱ्याचं तुंबतं, तसं इथे होऊ शकतं.

वारेचा प्रकार ओळखायचा उत्तम काळ म्हणजे ११ ते १४ आठवडे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. "तिसरा महिना लागलाय" या हिशोबात इथे गोंधळ होतो. या काळात दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे चिकटतो तिथला आकार पाहतात. पडदा जाड असेल आणि तिथे वारेची त्रिकोणी टोकदार उंची दिसली तर लॅम्डा खूण, म्हणजे दोन वारा. पातळ पडदा काटकोनात येऊन टेकला तर टी खूण, म्हणजे एकच वार. जसजसे आठवडे वाढतात तसतशी ही खूण पुसट होत जाते. विसाव्या आठवड्यात प्रथमच विचारलंत तर अनुभवी डॉक्टरलाही छातीठोकपणे सांगणं अवघड जातं, आणि मग शंका आली की एकच वार आहे असं धरून चालावं लागतं.

माझ्या जावेच्या पहिल्या रिपोर्टवर "ट्विन लाइव्ह इंट्रायूटेराइन जेस्टेशन" एवढंच होतं. दोन्ही बाळांची लांबी, ठोके, सगळं व्यवस्थित. वारेबद्दल एक अक्षर नाही. असे रिपोर्ट सर्रास असतात. तेव्हा सेंटरमधून बाहेर पडण्यापूर्वी कागद हातात घेऊन कोरिऑनिसिटी किंवा डीसीडीए-एमसीडीए असा शब्द शोधा. नसेल तर तिथेच सांगा, "वार एक की दोन हे लिहून द्या, आणि त्या खुणेचा फोटो प्रिंट करून द्या." यात कुणाचा अपमान नाही.

दोन समज इथेच दूर केलेले बरे. आयव्हीएफमध्ये दोन गर्भ सोडले होते म्हणून वारा दोनच असणार, असं गृहीत धरू नका. सोडलेल्या एका गर्भाचेच पुढे दोन होऊ शकतात. आणि बाळांच्या लिंगावरून प्रकार ओळखण्याची जी पद्धत परदेशातल्या माहितीत वाचायला मिळते (एक मुलगा, एक मुलगी म्हणजे जवळपास नक्कीच वारा दोन), ती आपल्याकडे तुमच्या कामाची नाही. १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार लिंग सांगणं गुन्हा आहे आणि विचारणंही. त्या वाटेला जाऊच नका.

कुणाकडे आणि कधी

फीटल मेडिसिन तज्ज्ञ म्हणजे पोटातल्या बाळाचा डॉक्टर. हा बहुधा स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा रेडिओलॉजिस्ट असून त्यानंतर त्याने गर्भाच्या तपासण्या आणि उपचारांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असतं. सोनोग्राफी सेंटरमधला प्रत्येक डॉक्टर हा फीटल मेडिसिन तज्ज्ञ नसतो. नवजात शिशुतज्ज्ञ तर वेगळाच; त्याचं काम बाळ बाहेर आल्यावर सुरू होतं. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनचं प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर चांगलंच, पण ते अमुक एका तपासणीपुरतं असू शकतं. मी तरी थेट विचारेन: "एकच वार असलेली जुळी तुमच्याकडे नियमित येतात का? लेझरची (वारेतल्या जोडवाहिन्या बंद करायच्या शस्त्रक्रियेची) गरज पडली तर तुम्ही करता की पाठवता, आणि कुठे?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बघू तेव्हा" असं आलं तर दुसरा तज्ज्ञ शोधावा.

एकच वार असेल तर पहिली भेट १२ ते १४ आठवड्यांत, आणि १६ व्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. हे दोन आठवडे कुणाच्या सोयीचे नाहीत, आणि त्यात सूटही नाही. अडचण सुरू होऊन गंभीर व्हायला कधीकधी तेवढाच वेळ पुरतो. गणपती, दिवाळी, दिराचं लग्न, कशासाठीही तारीख पुढे ढकलू नका; बदलायचीच असेल तर आधीची घ्या.

दोन वारा असतील तर साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते आणि ती स्थानिक डॉक्टर करू शकतात. पण पुढीलपैकी काही आढळलं तर तज्ज्ञाची चिठ्ठी मागून घ्या: बाळांच्या वजनात मोठा फरक, एखाद्या बाळात व्यंगाची शंका, गर्भाशयाचं तोंड आखूड होणं, आधीचं बाळंतपण वेळेआधी झालेलं असणं, आईला बीपी, मधुमेह, थायरॉइड, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असणं. पोटात तीन बाळं असतील तर या यादीची गरजच नाही, सरळ तज्ज्ञाकडे.

गावाकडच्या मंडळींचा रास्त प्रश्न असतो की दर पंधरा दिवसांनी पुणे-मुंबई कशी करायची. मधला मार्ग असा, की पहिली भेट आणि १८ ते २० आठवड्यांची सविस्तर तपासणी तज्ज्ञाकडे करायची, आणि मधल्या काही सोनोग्राफी जवळच्या सेंटरमध्ये, पण काय काय मोजायचं याची तज्ज्ञानेच लिहिलेली यादी देऊन. रिपोर्ट त्याच दिवशी तज्ज्ञाला पाठवायचा. हे तज्ज्ञाने मान्य केलं तरच. एमसीएमए असेल तर हा मार्ग वापरू नका. त्यात दोन्ही नाळा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी २६ ते २८ आठवड्यांच्या सुमारास आईला दाखलच करून घेतात.

फाइल

तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडा लागतो आणि आत गेल्यावर मिळतात वीस-पंचवीस मिनिटं. ती "आधीचा रिपोर्ट घरी राहिला" यात घालवू नका.

सगळे सोनोग्राफी रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावा, सगळ्यात जुना खाली. ११ ते १४ आठवड्यांचा रिपोर्ट आणि त्याचे फोटो वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. रक्तगट, हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, डबल मार्कर किंवा एनआयपीटी (बाळातल्या गुणसूत्रांच्या दोषांसाठीच्या रक्तचाचण्या) झाली असेल तर ती. (जुळ्यांत डबल मार्करची अचूकता एकेरीपेक्षा कमी असते, हे तज्ज्ञाकडून समजून घ्या.) आयव्हीएफ असेल तर गर्भ सोडल्याची तारीख आणि संख्या. सगळ्यात वर एक कोरा कागद, त्यावर आपल्या अक्षरात: शेवटच्या पाळीची तारीख, आधीची बाळंतपणं व गर्भपात, चालू औषधं त्यांच्या डोससह, ॲलर्जी, गेल्या चार भेटींतलं बीपी आणि वजन.

आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र हवंच. सोनोग्राफीच्या आधी फॉर्म एफ (पीसीपीएनडीटी कायद्याखालचा नोंदीचा फॉर्म) भरून त्यावर गरोदर बाईची सही घेतात. बाहेरगावाहून आलेल्यांचे हेलपाटे बहुतेक वेळा या चिठ्ठीपायीच होतात. चिठ्ठीवर नुसतं "सोनोग्राफी" न लिहिता "एमसीडीए ट्विन्स, १८ आठवडे, टीटीटीएस व वाढीसाठी तपासणी" असं कारण लिहून घेतलंत तर पुढचं काम सोपं होतं (टीटीटीएस म्हणजे काय ते पुढे येतं).

पोट भरलेलं असू द्या, पाण्याची बाटली सोबत ठेवा. जुळ्यांची तपासणी लांबते आणि बाळं नीट वळेपर्यंत कधीकधी बाहेर फेऱ्या मारायला सांगतात. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी आतून मोजायची असेल तर लघवी करून जायचं असतं. आतली सोनोग्राफी म्हटलं की पुष्कळ जणी घाबरतात, पण तिने बाळांना धोका नसतो आणि लांबी तिनेच अचूक कळते. सोबत एकच माणूस न्या, लिहून घेणारा. सासूबाई आणि आई दोघींनाही यायचं असेल तर एकीला दुपारच्या जेवणाची जबाबदारी देऊन टाका.

आत काय होतं, आणि आकडे कसे वाचायचे

तज्ज्ञ आधी दोन्ही बाळांना नावं देतो, ए आणि बी. प्रत्येक भेटीत ए तोच ए राहिला पाहिजे. म्हणून रिपोर्टवर "ए: खाली उजवीकडे, बी: वर डावीकडे" अशी जागाही लिहिलेली हवी. नाहीतर दोन वेगळ्या सेंटरमध्ये नावं उलटी होतात आणि लहान बाळ पंधरा दिवसांत अचानक मोठं झाल्यासारखं कागदावर दिसतं.

मग वजनाचा अंदाज. रिपोर्टमधल्या ईएफडब्ल्यू या अक्षरांपुढे ग्रॅममध्ये आकडा असतो. दोन्ही बाळांतल्या फरकाचा हिशोब घरी करता येतो: मोठ्यातून लहान वजा करा, मोठ्याने भागा, शंभरने गुणा. समजा ए १२०० ग्रॅम आणि बी ९६० ग्रॅम. फरक २४०, भागिले १२००, म्हणजे २० टक्के. लक्ष ठेवायला हवं, पण हे चित्र लगेच घाबरण्याचं नाही. तेच बी ८४० ग्रॅमचं असेल तर फरक ३० टक्के. फरक २५ टक्क्यांच्या वर गेला आणि लहान बाळाचं वजन त्या आठवड्याच्या मानाने तळाच्या दहा टक्क्यांत असलं की त्याला निवडक वाढखुंट मानतात आणि तपासण्यांचं अंतर कमी करतात. सोनोग्राफीचं वजन हा अंदाज असतो, त्यात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज पडते. एका भेटीच्या आकड्यावर रात्र जागवण्यापेक्षा तीन भेटींचे आकडे शेजारी मांडून पाहा.

पाणी: प्रत्येक बाळाभोवतीच्या सर्वांत खोल जागेची उंची सेंटीमीटरमध्ये देतात, डीव्हीपी किंवा एसडीपी या नावाने. एकच वार असेल तर सगळ्यात आधी मी हा आकडा पाहीन. एकाकडे २ च्या खाली आणि दुसऱ्याकडे ८ च्या वर (२० आठवड्यांनंतर काही तज्ज्ञ १० धरतात) असं एकाच वेळी दिसलं तर ते टीटीटीएस, म्हणजे एका बाळाचं रक्त वारेतल्या जोडवाहिन्यांतून दुसऱ्याकडे जाणं. सोबत मूत्राशय पाहतात. रक्त देणाऱ्या बाळाचं मूत्राशय रिकामं, दिसेनासं झालं तर आजार एक पायरी पुढे गेलेला असतो.

डॉप्लर: नाळेतल्या रक्तप्रवाहाचा आलेख. त्यात "एंड डायस्टोलिक फ्लो ॲब्सेंट" किंवा "रिव्हर्स्ड" असे शब्द आले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं. मेंदूकडच्या रक्तवाहिनीतला वेग, एमसीए पीएसव्ही, दोघांतही मोजलेला असावा. त्यावरून एक बाळ पांढरंफटक आणि दुसऱ्याचं रक्त दाट होत चाललं आहे का ते कळतं. हा टॅप्स नावाचा प्रकार पाण्याचे आकडे नॉर्मल असतानाही चोरपावलांनी येतो, म्हणून साधारण विसाव्या आठवड्यापासून हा आकडा रिपोर्टवर नसेल तर मागा.

गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मिलिमीटरमध्ये. जुळ्यांत २० आठवड्यांच्या आसपास ती २५ च्या आत आली तर वेळेआधी कळा येण्याची शक्यता वाढते.

लेझरपर्यंत गोष्ट गेली तर

एकच वार असलेल्या जुळ्यांत साधारण १० ते १५ टक्क्यांना टीटीटीएस होतो. म्हणजे बहुसंख्यांना होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यासाठी मात्र वेळ हीच मोठी गोष्ट. आईला कळणारं लक्षण एकच, पोट चार-आठ दिवसांत अचानक वाढणं, ताठ होणं, झोपल्यावर दम लागणं. "जुळं आहे, पोट मोठं दिसणारच" असं म्हणून घरचे वेळ काढतात. पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

पहिल्या पायरीवर असेल तर काही वेळा नुसतं निरीक्षण ठेवतात. त्यापुढे १६ ते २६ आठवड्यांच्या काळात लेझर हा मुख्य उपचार आहे. पोटावर भूल देऊन दोन-तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण पिशवीत घालतात आणि वारेवरच्या जोडवाहिन्या जाळून बंद करतात. जास्तीचं पाणी त्याच वेळी काढतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत लेझर आणि नुसतं पाणी काढणं यांची तुलना झाली. किमान एक बाळ जगण्याचं प्रमाण लेझरनंतर ७६ टक्के, पाणी काढल्यानंतर ५६ टक्के होतं. तेव्हापासून लेझर हा पहिला पर्याय झाला. पण आकड्याकडे नीट पाहा, तो "किमान एक बाळ" असा आहे. दोन्ही वाचतीलच असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. लेझरनंतर पिशवी वेळेआधी फुटण्याचा धोकाही राहतो.

भारतात ही शस्त्रक्रिया मोजक्या मोठ्या शहरांतच होते. म्हणून १६ व्या आठवड्यालाच पत्ता, फोन, अंदाजे खर्च आणि तिथे पोचायला लागणारे तास लिहून फाइलमध्ये ठेवा. निदान झाल्यावर शोधाशोध सुरू केली तर दोन-तीन दिवस त्यातच जातात.

एखाद्या बाळात गंभीर व्यंग आढळलं, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरचा गर्भपाताचा कायदा, चोवीस आठवड्यांनंतर वैद्यकीय मंडळाची भूमिका, आणि एक बाळ थांबवण्याचा उपाय दुसऱ्याला किती सुरक्षित, हे तज्ज्ञ समोर बसून समजावतो. इथेही वारेचा प्रकार निर्णायक असतो, कारण एकच वार असताना एका बाळाला दिलेलं औषध दुसऱ्यापर्यंत पोचतं, आणि मग पद्धतच वेगळी वापरावी लागते. त्या दिवशी निर्णय देऊ नका. घरी जा, दोन दिवस घ्या, हवं तर दुसरं मत घ्या.

दोन भेटींच्या मध्ये

तज्ज्ञ मिळाला म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सोडायचं नाही. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, आईची सगळी काळजी तेच घेणार. तज्ज्ञाचा रिपोर्ट दर वेळी त्यांना प्रत्यक्ष दाखवा. दोघांचं थेट बोलणं होईलच असं धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी निरोप तुम्हालाच पोचवावा लागतो.

ॲस्पिरिनच्या छोट्या गोळीबद्दल १२ व्या आठवड्याच्या सुमारास विचारा. जुळ्यांत बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो, आणि पहिलटकरीण असणं, जास्त वय, जास्त वजन, आईला किंवा बहिणीला बीपीचा त्रास झालेला असणं यांपैकी काही जोडीला असेल तर ती गोळी बहुधा सुचवतात. आपल्या मनाने सुरू करू नका, आणि शेजारणीने सांगितलं म्हणून बंदही करू नका. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर निम्मी वाया गेली असं समजा, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आता बेड रेस्टचं. जुळं म्हटलं की आपल्याकडे बाईला पलंगावर बसवून ठेवतात, ताटसुद्धा हातात आणून देतात. नुसतं झोपून राहिल्याने वेळेआधीचं बाळंतपण टळतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो आणि अंगातलं बळ जातं. तसंच जुळं असलेल्या सगळ्याच जणींच्या गर्भाशयाच्या तोंडाला सरसकट टाका घालण्याचं. डॉक्टरांनी बेड रेस्ट किंवा टाका सांगितला तर "माझ्या बाबतीत नेमकं कारण कोणतं?" असं विचारा. कारण असेल तर ते सांगतील, आणि मग ऐका.

लगेच दवाखाना गाठायचा तो अंगावरून रक्त किंवा पाणी गेल्यावर, पोट थोड्या थोड्या वेळाने कडक होऊ लागल्यावर, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर, उजव्या बरगडीखाली दुखल्यावर, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटल्यावर, किंवा बाळांचं फिरणं कमी झाल्यावर. खाजेचा त्रास लोक सोसतात आणि खोबरेल लावत बसतात, पण तो यकृताशी संबंधित असू शकतो. रक्त तपासायला हवं.

माहेर की सासर, की तिसरंच गाव

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून माहेरी जायचं, ही आपली रीत. एकेरी गरोदरपणात ती जमते. जुळ्यांत सातवा महिना म्हणजे २८ आठवड्यांनंतरचा काळ, आणि निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांपूर्वीच येतात. म्हणजे ज्या प्रवासाची तयारी चालली आहे, त्या प्रवासातच कळा सुरू होऊ शकतात. बाळंतपण कुठे होणार हे २० ते २२ आठवड्यांत ठरवा, जायचं असेल तर २४ च्या आसपास जा, आणि तिथल्या डॉक्टरांकडे नाव आधी घाला. डोहाळजेवण लवकर केलं तर काही बिघडत नाही. दुबई, लंडन, अमेरिकेतून बाळंतपणाला माहेरी येणाऱ्यांनी तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीचा नियम वाचावा. जुळ्यांसाठी बहुतेकांची मर्यादा ३२ आठवडे किंवा त्याच्या आसपास असते. पण नियमात बसतं म्हणून तोवर थांबू नका.

दवाखाना निवडताना ऑपरेशन थिएटरपेक्षा एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आधी बघा. विचारायचं असं: "किती आठवड्यांची, किती वजनाची बाळं तुम्ही इथे सांभाळता? व्हेंटिलेटर आहे का, फुप्फुसांसाठीचं सर्फॅक्टंट देता का? दोन बाळांसाठी एकाच वेळी दोन जागा मिळतील का? नवजात शिशुतज्ज्ञ रात्री दवाखान्यात असतो की फोनवर?" काचेची पेटी आहे म्हणजे एनआयसीयू आहे असं नाही. जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विभागात) चांगलं काम होतं, पण अगदी कमी दिवसांच्या बाळांना पुढे पाठवावं लागू शकतं. आणि पाठवायचंच असेल तर बाळं पोटात असताना आईला हलवणं केव्हाही सुरक्षित. जन्मल्यावर दोन बाळं दोन रुग्णवाहिकांत, आई तिसरीकडे, अशी पाळी येऊ नये. दुग्धपेढी आहे का हेही विचारा, कमी दिवसांच्या बाळांना आईचं दूध येईपर्यंत तिचा आधार असतो. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ साली आपल्या मुंबईच्या सायन रुग्णालयातच सुरू झाली.

वेळेआधी बाळंतपण होणार असं दिसलं तर २४ ते ३४ आठवड्यांत आईला बाळांच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. कळा सुरू असताना गाडीत बसण्याआधी जवळच्या दवाखान्यात पहिला डोस घ्यावा का, हे तज्ज्ञाला आधीच विचारून त्याच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. दिलेल्या डोसची वेळही कागदावर हवी.

तारीख आणि पद्धत

सगळं सुरळीत असेल तर दोन वारांच्या जुळ्यांचं बाळंतपण साधारण ३७ ते ३८ आठवड्यांत, एक वार आणि दोन पिशव्या असतील तर ३६ ते ३७ आठवड्यांत, आणि एकच पिशवी असेल तर ३२ ते ३४ आठवड्यांत सिझरने करतात. "अजून दिवस भरले नाहीत, थांबू या" हा हट्ट जुळ्यांत नको. मुहूर्ताचा तर नकोच. डॉक्टरांनी दिलेल्या आठवड्यात एखादा दिवस पंचांगाप्रमाणे निवडता आला तर निवडा, पण दशमीसाठी चार दिवस थांबवू नका.

जुळं म्हणजे सिझरच, हेही खरं नाही. दोन पिशव्या असतील आणि खालच्या बाळाचं डोकं खाली असेल तर नैसर्गिक बाळंतपण शक्य असतं. २०१३ साली सुमारे २८०० स्त्रियांचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ठरवून केलेल्या सिझरने बाळांचे धोके कमी झालेले दिसले नाहीत. अट अशी की दुसऱ्या बाळाला गरज पडली तर तातडीने सिझर करता येईल अशी तयारी तिथे हवी. ती नसेल तर आधी ठरवून सिझर करणंच शहाणपणाचं, आणि डॉक्टर तसं सांगत असतील तर त्यांच्यावर संशय घेऊ नका.

पैसा

दर पंधरा दिवसांची सोनोग्राफी, प्रवास, दोन बाळांचा एनआयसीयू, हिशोब मोठा आहे. विमा असेल तर टीपीएला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) लेखी विचारा: नवजात बाळांचं संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे का, दोन्ही बाळांना मिळून मर्यादा एकच आहे का, पोटातल्या बाळावरची शस्त्रक्रिया धरतात का. सरकारी वाटेने जायचं तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात (२०१६ पासून) दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बायांची मोफत तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. तो लावून घ्या, लाज वाटून घेऊ नका. पुढे पाठवताना त्याचा उपयोग होतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं आणि आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि १०८. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारा. नोकरी करणाऱ्यांनी २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेतले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात हे लक्षात ठेवून, बाळंतपण ३६ व्या आठवड्यात धरून रजेचा अर्ज करावा.

घरी सोडताना

बाळं आली की फीटल मेडिसिन तज्ज्ञाचं काम संपतं, पण त्याच्या रिपोर्टची गरज संपत नाही. लेझर झालं होतं का, टॅप्स होता का, एखादं बाळ खूप लहान होतं का, हे नवजात शिशुतज्ज्ञाला कळायला हवं. ती फाइल एनआयसीयूत नेऊन द्या.

डिस्चार्जचे दोन वेगळे कागद घ्या, प्रत्येक बाळाचा एक. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन २ किलोच्या आत असेल तर डोळ्यांच्या पडद्याची आरओपी तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते, आणि २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते, आणि बाहेरून डोळा अगदी नॉर्मल दिसतो. बाळ एनआयसीयूत असेल तर तपासणी तिथेच करून घ्या. घरी सोडलं असेल तर बिल भरायच्या खिडकीवर जाण्याआधी नेत्रतज्ज्ञाची तारीख आणि कानांच्या तपासणीची तारीख, दोन्ही बाळांची, कागदावर लिहून घ्या.